तासावरच्या मॅडम

कॉलेजात आम्हाला ‘तासावरचे’ म्हणत. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचेच पैसे, आणि तेही वेळेवर पदरात पडले तर नशीब. भूगोल घेऊन एम.ए. झाल्यावर सोलापुरातल्या एका कॉलेजात मी अशी तासावर लागले आणि पुढं बरीच वर्षं तिथंच चिकटून राहिले. दिवाळीची सुटी लागली की पोरं उड्या मारायची आणि मी बुडालेले तास मोजत बसायचे. कुणी मोठा माणूस गेला म्हणून कॉलेज सोडलं, तर स्टाफरूममध्ये सगळ्यांत खरं दुःख माझंच असायचं.

उन्हाळ्यात तर नेमणूकच संपायची. मग मी भवानी पेठेतल्या एका टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात बसायचे. बिलं करायचे, ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावायचे, कुठल्या दुकानदाराला कुठल्या रंगाचा माल गेला ते बघायचे. मालक विणकर घरातले, घरी तेलुगू बोलणारे, वयस्कर. मी कॉलेजात शिकवते याचं त्यांना कोण कौतुक. बाहेरगावचा व्यापारी आला की चहा सांगायच्या आधी माझी ओळख करून द्यायचे, “ह्या आमच्या प्रोफेसर मॅडम.” तो व्यापारी आधी माझ्याकडं आणि मग माझ्या टेबलावरच्या टॉवेलांच्या गठ्ठ्याकडं बघायचा. मला राग यायचा, पण नक्की कुणाचा ते कळायचं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर कॉलेजची जाहिरात यायची. जागा तीच, विषय तोच, आणि अर्ज करणारी मीही तीच. तरी दरवर्षी मुलाखत व्हायचीच. समोर प्राचार्य, संस्थेचे कुणीतरी, बाहेरून आलेले एक तज्ज्ञ आणि आमचे विभागप्रमुख. या विभागप्रमुखांनी वर्षभर माझ्या डब्यातली शेंगाचटणी खाल्लेली असायची. ते चष्मा नीट करून म्हणायचे, “स्वतःचा परिचय करून द्या.” मी उभं राहून माझं नाव, गाव, शिक्षण सांगायचे. ते मान हलवत ऐकायचे.

एकदा वळसंगला घरी आल्यावर हे मी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबवून म्हणाली, “वरीसभर तुज्यासंगं चा पिला की त्येंनी. वळकत न्हाईत व्हय तुला?”

“ओळखतात गं. पद्धत असते तशी.”

“लई शानी पद्धत हाय,” ती म्हणाली आणि पुन्हा भाकरीला लागली.

मग एवढं असून मी का जात होते? सरळ सांगायचं तर वर्गासाठी. भिंतीवर नकाशा सोडला की खिडकीच्या वाऱ्यानं तो फडफडायचा आणि पहिल्या बाकावरच्या दोघी न सांगता उठून त्याची टोकं धरायच्या. एकदा शेवटच्या बाकावरून एकानं मला छळायलाच विचारलं, “मॅडम, आपल्याला समुद्र का न्हाय?” वर्ग हसला. मीही हसले आणि मग सगळा तास मी त्याच प्रश्नावर घेतला. कोट्यवधी वर्षं मागं जाऊन दख्खनच्या लाव्हापर्यंत पोचलो, तेव्हा तोच मुलगा तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्या दिवशी एसटीत उभ्यानं घरी आले तरी पाय दुखले नाहीत. असं सुख टॉवेलांत नव्हतं, त्याला मी तरी काय करू?

गेल्या वर्षी जाहिरात आली आणि मी मालकांना नेहमीसारखं सांगायला गेले. त्यांनी मला बसवलं.

“मॅडम, दरवर्षी तुम्ही जाता, मी नवीन माणूस बघतो. तो शिकतो न शिकतो तोवर तुम्ही परत येता. माझं पण वय झालं की आता. ह्या वेळी एकदाच काय ते सांगा. राहायचं तर कायम रहा, ऑफिस सगळं तुम्हीच बघा.”

पगार कॉलेजपेक्षा बरा होता आणि बाराही महिने होता. मी म्हटलं, “मुलाखत झाली की सांगते.”

“म्हणजे त्यांनी नाही म्हटलं तर आम्ही,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता. त्यामुळं मला जास्तच लागलं.

मुलाखतीला गेले तर त्या वर्षी एकाच माणसापुरते तास होते. बाहेरच्या बाकावर एक तरुण मुलगी फाइल मांडीवर घेऊन बसली होती. मला बघताच ती उठली आणि वाकून पाया पडली. माझीच विद्यार्थिनी, बार्शीकडची, नकाशाची टोकं धरणाऱ्यांतली. एम.ए. करून नेटही पास झाली होती. मला ती परीक्षा कधी जमली नाही. पात्र माणूस मिळत नव्हता म्हणून इतकी वर्षं माझं चाललं होतं.

“मॅडम, तुम्ही तज्ज्ञ म्हणून आलात ना?” तिनं विचारलं. आता आपलं काम झालंच, असा तिचा चेहरा उजळला होता.

“नाही गं,” मी म्हटलं. “तुझ्या मागचा नंबर माझा आहे.”

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती फाइल उचलून म्हणाली, “मी जाते मॅडम. मी पुढच्या वर्षी बघेन.”

“गप बस खाली,” मी म्हटलं. “आणि त्या सर्टिफिकेटा नीट लाव.” माझा आवाज चढला, कारण ती खरंच गेली असती तर मला हवंच होतं.

आत मी परिचय करून दिला. तज्ज्ञांनी नेट-सेटचं विचारलं. विभागप्रमुख टेबलाच्या काचेकडं बघत राहिले. दुपारपर्यंत तिची निवड झाल्याचं कळलं. नियमानं ते बरोबर होतं आणि मला ते मुळीच बरोबर वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले. मालकांनी लातूरच्या ऑर्डरचा कागद माझ्यापुढं सरकवला. नवीन माणूस त्यांनी बघितलाच नव्हता. मी लातूरचं बिल करायला घेतलं.

काही दिवसांनी दुपारी तिचा फोन आला. मागं यंत्रमागांची खडखड चालली होती, म्हणून मी गोदामात जाऊन उभी राहिले.

“मॅडम, उद्या माझा पहिला तास आहे. तुम्ही आम्हाला पहिल्या दिवशी ते पाण्याचं घेतलं होतं, ते कसं सुरू करू?”

“पुस्तक उघडू नकोस,” मी म्हटलं. “पहिल्या बाकापासून एकेकाला गाव विचार. तुझ्या घरावर पडलेला पाऊस कुठं जातो म्हणून विचार. गटारात म्हणतील, हसू नकोस. गटारातून कुठं, ते विचार. ओढा येईल, मग नदी येईल. तुमच्या बार्शीकडचं कुणी भोगावती म्हणेल, ती फळ्यावर काढ. मोहोळचा कुणी तिला सीनेत नेईल. अक्कलकोटचे बोरी सांगतील, कन्नडमध्ये सांगितलं तरी सांगू दे. सीना आणि भीमा कुडलला मिळतात, ते तू होऊन काढू नकोस. वाट बघ, कुणीतरी बोलतं. तास संपेस्तोवर सगळा जिल्हा फळ्यावर आलेला असतो आणि तो त्यांनीच आणलेला असतो. मग त्यांना सांग…”

“थांबा मॅडम, जरा हळू,” ती म्हणाली. “लिहून घेते.”

मी थांबले. पलीकडं कुणीतरी लिहून घेत होतं आणि मी पुढचं वाक्य तोंडात धरून गठ्ठ्यांमध्ये उभी होते. एवढंच तर मला जन्मभर करायचं होतं.