हळदीतली तपासणी

माझ्या मानेला लहानपणापासून गाठी. पुढे अंगावर काळेनिळे डाग उठायला लागले, प्लेटलेट्स घसरल्या, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी आईबाबांना आणि मला समोर बसवून सांगितलं. जंतूंशी लढाई आटोपली की काही पांढऱ्या पेशींनी मरायचं असतं, माझ्या मरतच नाहीत. गाठींत, प्लीहेत गर्दी करतात आणि माझ्याच रक्तावर उठतात.

पूर्ण्याला बाबांचं गोडाऊन भाड्याने दिलेलं, त्यामुळे त्यांना लगेच उमगलं. "करार सपला तरी खाली करत न्हाय, आसाच ना? मंग नोटीस धाडा त्यांना!"

"नोटीस जाते हो," बाई म्हणाल्या, "ती घेणारं जनुकच बिघडलंय. बहुतेक आईकडून नाहीतर वडिलांकडून आलंय. दोघांचं रक्त तपासू."

आईने तिथल्या तिथे बाही वर केली. बाबा मात्र उठले. "आपले घरान असला काय न्हाय. हिचे म्हायेरशी आला असंल." साठीचा धडधाकट माणूस सुईला नव्हे, निकालाला घाबरला होता. पण कबूल करतील तर ते बाबा कसले!

आठवडाभरात टेमघरला मामाच्या मुलाची हळद होती. आमच्याकडे हळद नवरदेवापुरती राहत नाही, सापडेल त्याला फासतात. बाबांनी दोन्ही हात भरून घेतले आणि आईच्या माहेरचा एकेक पुरुष गाठून त्याची मान चाचपायला सुरुवात केली. मोठ्या मामांची तर दोनदा. "दाजींचा आपल्यावं येवरा जीव हाय!" म्हणत मामांनी डोळे पुसले. गाठ मात्र एकाचीही सापडेना.

शेवटी आईने बाबांना धरून त्यांच्याच मानेला हळद चोळली. तिचा हात थांबला.

"यो बघा! हितं हाय. आन हितं पन!"

बँजोवाले नेमके पाणी प्यायला थांबलेले, त्यामुळे अख्ख्या मांडवाने ऐकलं.

सोमवारी बाबांनी गुपचूप रक्त दिलं. निकाल आला तेव्हा बिघाड त्यांच्याकडूनच आलेला निघाला. आईने माझ्यासाठी रुमाल आणला होता, तो बाबांना लागला. "पोरी, तुला जमीन द्याची व्हती, यो कनचा दिला मी," म्हणून ते हुंदके देत राहिले.

मी त्यांना घट्ट धरलं. हेच अंगात घेऊन हा माणूस जन्मभर ठणठणीत जगला होता.

"दुसऱ्या कुणाकडून आलं असतं ना बाबा," मी म्हटलं, "तर मी घाबरले असते."