कप्तानाची भाकर

सोयरीक जुळवताना लोक घराणं विचारतात, शेती विचारतात. कप्तान माणसाला व्हिडिओ गेमवर उभं करायचा. दहा मिनिटांत त्याचा निकाल तयार. "ह्यो नुसता पुढं पळतो, जोडीदार मेला का जगला बघत न्हाई. ह्याला पोरगी देऊ नगा." ज्याच्याबद्दल हे चाललेलं असायचं तो बिचारा तिथंच उभा असायचा.

परळीत स्टेशनाजवळ तेव्हा नवंच गेमचं दुकान निघालं होतं. कप्तान थर्मल वीजकेंद्रात ठेकेदाराकडं फिटर होता. पाळी सुटली की भुवयांवर राख तशीच घेऊन तो दुकानात यायचा. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, त्याच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. तरी त्यानं जोडीदार म्हणून मलाच निवडलं, आणि मी महिनाभर ताठ मानेनं फिरलो.

मारामारीचे गेम त्याला मुळीच चालत नसत. "दोघांनी एकमेकाला बडवायचं, त्याला काय गेम म्हणावं? ते तर बाहेर रोजच चालतंय." त्याचा जीव एकाच मशीनवर होता. त्यात एक योद्धा आणि एक जादूगार मिळून राक्षसाच्या किल्ल्यात शिरत. दोन दगडांवर दोघं उभे राहिले तरच दार उघडे. कॉलेजची पोरं म्हणत, लई सावकाश गेम आहे, जोडीदारासाठी थांबून थांबून कंटाळा येतो. कप्तान म्हणायचा, "कावून भारी हाय सांगू? एकट्याला जाताच येत न्हाई."

किल्ल्यात जागोजागी भाजलेली तंगडी पडलेली असे. ती खाल्ली की खेळाडूचा जीव भरे. कप्तान लिंगायत घरातला, त्याच्या तोंडून तंगडी कशी निघणार? तो तिला भाकर म्हणायचा, आणि त्याचं ऐकून सगळं दुकान भाकरच म्हणू लागलं. त्याचा नियम होता: ज्याचा जीव कमी, भाकर त्याची. एकदा एका पोरानं भरल्या जिवावर भाकर उचलली, तर कप्तान खेळ अर्धा टाकून निघून गेला. पुढं आठ दिवस तो त्या पोराशी बोलला नाही.

दीड वर्ष आम्ही खेळलो. राक्षस मेल्यावर काय दिसतं हे परळीत कुणीच पाहिलं नव्हतं. "बघू तर दोघं मिळूनच बघू," असं त्यानं मला कितीदा सांगितलं असेल! मी त्यावर परीक्षेच्या निकालापेक्षा जास्त विश्वास ठेवला होता.

एका रविवारी दुपारी आम्ही राक्षसापुढं पोचलो. चहावालासुद्धा किटली ठेवून आत आला. या शेवटच्या लढाईत नवं कॉइन टाकून परत उठता येत नसे, मेला तो मेला. माझ्या जादूगाराचा जीव बोटभर उरला होता, कप्तानाचा अर्ध्याहून जास्त. तेवढ्यात मधोमध भाकर पडली. मी निवांत तिकडं चालू लागलो, कारण ती माझी होती. कप्तानाच्या योद्ध्यानं उडी मारली आणि ती खाल्ली. पुढच्याच फटक्यात मी मेलो.

"कप्तान, भाकर माझी होती."

त्यानं पडद्यावरची नजर काढली नाही. "गेम हाय बे," तो म्हणाला.

ज्यानं मला शिकवलं की हा नुसता गेम नाही, त्याच्याच तोंडची ही तीन शब्दांची थप्पड! मी बाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिलो. मागं एकदम आरडाओरडा झाला, शिट्ट्या वाजल्या, तेव्हा राक्षस मेला हे कळलं. मी वळून बघितलं नाही. पुढं तो दोनदा घरी आला, दोन्ही वेळा मी आईला 'नाही म्हणून सांग' म्हटलं. मग ठेका संपला आणि तो कुठंतरी निघून गेला. मला वाईट वाटलं नाही, रागच होता.

बऱ्याच वर्षांनी मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर एसटी थांबली आणि समोर कप्तान, बायकोसोबत जेवत बसलेला. त्यानं उठून मला मिठीच मारली.

"अगं, ह्योच त्यो माझा जोडीदार! अख्ख्या परळीत राक्षस मारला त्यो आमी दोघांनी."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. तो थट्टा करत नव्हता, खोटंही बोलत नव्हता. त्याला खरंच तसंच आठवत होतं.

वहिनींनी हसून विचारलं, "भाऊजी, मग राक्षस मेल्यावर काय दिसलं हो? ह्यांनी कधी नीट सांगितलं न्हाई."

"त्यालाच विचारा वहिनी," मी म्हणालो. "मी बघितलं नाही."