जिनिंगच्या पट्ट्यावानी कसलेली चेन

अकोटपासून परतवाड्यापर्यंत गाडीची चेन माझ्याएवढी घट्ट कसणारा माणूस तुमाले भेटणार नाही. चेन एवढी घट्ट कसायचीच नसते, हे मले नाल्यात पडल्यावर समजलं.

आता हे डोक्यात कुठून आलं ते आयका. शाळेत मी जेवढे दिवस होतो त्यातले अर्धे वर्गाच्या बाहेर उभा होतो. मंग अकोटच्या एका जिनिंगमध्ये लागलो. तिथं माझ्याकडे पट्टे. मोटर पट्टा फिरवते, पट्टा मशीन फिरवते, मशीन कापसातली सरकी अन् रुई वेगळी करते. पट्टा ढिला पडला का सटकते, मशीन थांबते, अन् फोरमन माझ्या खानदानाची चौकशी सुरू करते. म्हणून आमचा एकच धर्म. पट्टा कसा, वरून राळ घासा. टिचकी मारली का टणकन वाजला पाहिजे.

माझा साळा अमरावतीले राहते. त्यानं कोणाजवळून तरी एक जुनी ट्रायलची मोटरसायकल आणली. ट्रायल म्हंजे पळवापळवी नाही. दगडातून, पाण्यातून, हळूहळू, जमिनीले पाय न टेकवता गाडी काढायची. अन् या गाडीले सीटच नसते. सारं उभ्यानं.

घरवालीनं गाडीभवती एक चक्कर मारली अन् म्हणे, "सीट चोरीले गेली का?"

"नाही वं, अशीच येते."

"मंग मी कुठी बसू?"

"हिच्यावर मागं कोणी बसतच नाही."

"तरी म्हणलं, तुमाले एवढी काहून आवडून राहिली!"

साळ्याच्या खोलीवर गाडी ठेवाले जागा नव्हती, म्हणून काही दिवस आमच्याकडे ठेवली. रविवारी परतवाड्याच्या बाहेर माझ्या सासऱ्याच्या वावराजवळच्या नाल्यात त्याची प्रॅक्टिस. मी हट्टच धरला, एक फेरी मी बी मारतो. साळा बिचारा तोंडाचा मऊ. म्हणे, "मारा भाऊजी. पण तोवर गाडीले हात नका लावू. फक्त चेन सुकली तं थेंबभर तेल सोडा."

ही फेरी मले काहून पाहिजे होती, ते सांगतो. लग्नात मी घोड्यावरून पडलो होतो. मारुतीच्या देवळासमोर, बँड चालू, सारी वरात पाहून राहिली, अन् नवरदेव फेट्यासकट नालीत. म्या तवा सांगतलं, घोडा बिचकला. माझा सासरा शांत माणूस, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसते, कमी बोलते. पण घरी कोणी पाहुणा आला का चहा व्हायच्या आधी घोडा येते. "हे आमचे जवाई. घोड्यावरून पडले होते ते." मले बुढ्याच्या तोंडातून तो घोडा काढायचा होता. त्याच्या डोळ्यासमोर नाला पार केला असता तं तो म्हणला असता, "हे आमचे जवाई. दगडावरून गाडी नेते ते." बस, एवढंच.

तं शनिवारी म्या चेन पाहली. खालून अशी लोंबून राहिली, जशी कपडे वाळत घालायची दोरी. म्हणलं, साळ्याले काही समजत नाही. गाडी तेलाच्या पिप्यावर चढवली. मागच्या चाकाच्या एक्सलचा नट ढिला केला. तिथं दोन्ही बाजूले गोगलगाईच्या पाठीसारखी एकेक चकती असते, खाचेखाचेची. ती फिरवली का चाक मागं सरकते अन् चेन ताणते. म्या फिरवली. टिचकी मारली. टणकन वाजली. जीव असा गार झाला म्हणून सांगू.

चेनच्या खाली स्प्रिंगवर एक प्लास्टिकचा गुटका होता, चेनले हळूच वर दाबून धरणारा. चेन एवढी ताणली का त्या गुटक्याले कामच उरलं नाही. म्हणलं, तू बी कर आराम.

मंग थेंबभर तेल. आता थेंब म्हंजे किती, हे ज्याच्या त्याच्या मनावर. माझ्याजवळ जळकं ऑइल होतं डबाभर. चेनले आंघोळ घातली. अन् मिरवाले म्हणून गाडी जिनिंगच्या आवारात नेऊन लावली. तिथं हवेत रुई उडते, हे मी रोज पाहतो, रोज नाकातून काढतो, पण तवा ध्यानात आलं नाही. सांजच्याले गाडी घरी आणली तं घरवाली दारातूनच म्हणे, "अहो, गाडीले दाढी आली."

खरंच आली होती. चेनले सगळीकडून रुई चिकटलेली, पांढरी, भरघोस. फडक्यानं पुसली तं ती काळी झाली. म्हणलं चला, म्हातारी होती, जवान झाली.

रविवारी टेम्पोत गाडी टाकून परतवाड्याले गेलो. नाल्याच्या काठावर सासरा खर्रा घोटत बसला होता. घरवाली त्याच्या बाजूले. साळा दगडाले लाल फिती बांधून राहिला होता, इथून शिरा अन् तिथून निघा म्हणून. मी म्हणलं, आधी मीच जातो. तो "भाऊजी, थांबा, मी एकदा पाहतो" म्हणेपर्यंत मी गाडीवर उभा.

पहिला दगड गेला. मी बुढ्याकडे पाहलं. बुढा माझ्याकडे पाहत होता. दुसरा दगड मोठा, म्हशीच्या पाठीएवढा. त्याच्यावर चाक चढलं, माझं सारं वजन मागं आलं, मागचा भाग खाली दबला अन् चेन अशी किंचाळली, जशी कोणी मांजरीवर पाय देल्ला. मंग फाट्! गाडी एकीकडे, मी पाण्यात.

मी पाण्यातूनच ओरडलो, "चेन तुटली! माझं काही नाही! चेन तुटली!" एवढा आनंद मले कधी झाला नव्हता. बिचकणाऱ्या घोड्यापरीस तुटलेली चेन चांगली. पुरावा हातात असते.

साळ्यानं पुरावा पाहला. चेनची दोन टोकं जोडणारं लॉक तुटलं होतं. "भाऊजी, तुमी कसली का?"

"पट्ट्यावानी!"

"लोखंडाची चेन हाय ते, पट्टा नाही," म्हणे. त्याच्याजवळ दुसरं लॉक होतं. क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या बाजूले ठेवून त्यानं ते बसवलं, अन् मले समजावलं. या गाडीचं मागचं चाक लय वरखाली होते. तुमी उभे राहले का मागचा भाग दबते, अन् चाक पुढच्या दातेरी चक्रापासून, स्प्रॉकेटपासून, दूर जाते. पिप्यावर रिकाम्या गाडीची चेन लोंबतेच, लोंबाले पाहिजे. वजन टाकून पाहा, अन् सगळ्यात घट्ट जागी बी बोटभर ढील ठेवा.

"मंग वजन कोण टाकते?" म्या विचारलं.

सगळे माझ्या पोटाकडे पाहून राहिले.

मी गाडीवर उभा राहलो. तोल धराले काठावर एकच झाड, बाभळीचं. ते धरून मी वर-खाली दाबून राहिलो, "आई गं" म्हणून राहिलो, अन् साळा खाली बोट घालून ढील पाहून राहिला. दोन्ही बाजूच्या चकत्या सारख्या खाचेवर आणल्या, नाही तं चाक वाकडं बसते. जळकं ऑइल घासलेटानं धुतलं. मंग खरोखरचं थोडंसं तेल, अन् वरचं पुसून टाकलं. चाक फिरवलं तं आवाज नाही. असं काम मी उभ्या जन्मात पाहलं नव्हतं, अन् त्यात माझा वाटा त्या बाभळीएवढाच.

"आता पाहा मामाजी," मी सासऱ्याले म्हणलं. "चेन घट्ट होती म्हणून झालं ते. आता एक नंबर हाय."

पहिला दगड गेला. म्हशीच्या पाठीवर चाक चढलं. मागचा भाग दबला, चेननं चू केलं नाही, चाक बराबर वर गेलं. तवा मले वाटलं, झालं! म्हणून म्या एक हात सोडला, बुढ्याले दाखवाले.

पाणी तेच होतं, जरासं जास्त थंड लागलं. साळा धावत आला, त्यानं आधी गाडी उचलली. चेन जिथल्या तिथं, ढील बोटभर. घरवाली पदरात तोंड घालून हसून राहिली. मी उठलो, डोळ्यातलं पाणी पुसलं, अन् काय म्हणावं म्हणून गाडीकडे पाहलं, दगडाकडे पाहलं, बाभळीकडे बी पाहलं.

सासऱ्यानं खर्रा तोंडात टाकला, हात झटकले.

"राहू द्या जवाई," म्हणे. "घोड्याले तं चेन बी नव्हती."