लोरी नाही, लावणी

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, नेहरू नगरातल्या वाद्यांच्या दुकानात मी हेडफोन बघत होतो. शेजारी साठीच्या एक बाई घरी गाणं रेकॉर्ड करायला कॉम्प्युटरला जोडायचा माइक निवडत होत्या. वांगी पारखावीत तसा एकेक माइक फिरवून बघायच्या आणि बाजूला ठेवायच्या.

"आंटी, भजन के लिए ये बढ़िया है," दुकानदार म्हणाला.

"भजन नहीं. लावणी."

"अच्छा, लोरी. नाती के लिए?"

लावणीची अंगाई झालेली ऐकून मला हसू फुटलं. बाई वळल्या.

"हसलात, म्हणजे मराठी. हसा. घरीही हसतात. मुलगा म्हणतो, आई, या वयात लावणी? कॉलनीत तोंड कसं दाखवू?"

त्यांनी अंबाड्यावरून हेडफोन चढवले, पदर खोचला आणि माइकसमोर तिथेच एक ओळ म्हटली. आवाज थोडा फाटलेला होता, पण ठसका असा, की रस्त्यावरून चाललेला एक स्कूटरवाला ब्रेक दाबून आत बघायला लागला. दुकानदार तर हातातलं दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बिल करायचंच विसरला.

"यही दे दो," हेडफोन उतरवत बाई म्हणाल्या. "और भैया, लोरी से लोग सो जाते हैं."