कात्रीसरांचं उजवं पान

कात्रीसरांनी वर्गात आणलेल्या पेपरला मथळा कधी नसायचाच. तो आधीच कापून, पेपरच्या नावासकट त्यांच्या शर्टाच्या खिशात गेलेला असायचा. आम्हाला मिळायची ती खिडक्या पडलेली पानं. "मथळा वाचला की पुढचं वाचायची गरज वाटत नाही, म्हणून तो शेवटी," ते म्हणत. भिवंडीतल्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवायचे. शिक्षकांच्या खोलीतला पेपर आधी त्यांच्या हाती लागला, तर हेडमास्तर त्या भोकातून त्यांच्याकडे बघत म्हणायचे, "अहो, निदान क्रिकेटचा मथळा तरी ठेवत जा."

बातमी वाचून झाली की एकच प्रश्न यायचा. "हे लिहिणारा कुठे उभा होता?" आम्ही सुरुवातीला फिदीफिदी हसायचो. मग एकदा सरांनी कबड्डीच्या सामन्याला मला आणि माझ्या मैत्रिणीला मैदानाच्या दोन टोकांना उभं केलं आणि पाहिलं ते लिहायला सांगितलं. शेवटची चढाई करणारी मुलगी माझ्या कागदावर बाद होती, तिच्या कागदावर नव्हती. दोघीही देवाशपथ खरं बोलत होतो. मधल्या सुट्टीत आम्ही एकमेकींच्या डब्याला हात लावला नाही. सर मात्र खूश होते.

वहीत समोरासमोरची दोन पानं लागत. डाव्या पानावर बातमी एका पेपरने दिलेली, उजव्यावर तीच दुसऱ्याने दिलेली. सरांना उर्दू वाचता येत नव्हतं. शाळेसमोरचा शिंपी शिवता शिवता उर्दू पेपर हिंदीत सांगायचा आणि सर ते मराठीत उतरवून घ्यायचे. कात्रीही त्यानेच दिलेली. पण दोन्ही पानं त्यांनी एका दिवशी कधी दिली नाहीत. "दोन्ही एकदम ऐकलं की शेवटी ऐकलेलंच खरं वाटतं. डावं पान एक दिवस डोक्यात राहू दे. उजवं उद्या."

माणूस मुळात काळजीखोर. वर्गाला कडी घातली का ते बघायला अर्ध्या वाटेतून परत यायचे. मी कोन गावाहून एसटीने यायची. संध्याकाळी बसला उशीर झाला की सर थांब्यावर माझ्याबरोबर ताटकळत उभे राहायचे आणि सकाळी हजेरीआधी विचारायचे, "काल पोचलीस ना नीट?"

मी नववीत होते तेव्हा नाक्यावर कापड विणायच्या लूमच्या एका शेडसमोर मारामारी झाली. दुसऱ्या दिवशी सरांनी डावं पान लिहून दिलं. त्यात होतं की बाहेरून आलेल्या कामगारांनी गावच्या पोरांवर हल्ला केला. त्याच संध्याकाळी ठिकठिकाणी दगडफेक झाली आणि संचारबंदी लागली. शाळा आठ दिवस बंद. चाळीस वह्या चाळीस घरांत गेल्या होत्या आणि प्रत्येक वहीचं उजवं पान कोरं होतं.

आमच्या घरामागे बाबांची शेड होती. तिथे युसुफचाचा बारा वर्षं चार लूम चालवत होते. त्यांचा सकाळचा चहा आमच्याच ओट्यावर व्हायचा. त्या दिवसांत बाबांनी माझी वही शेजाऱ्यांना वाचून दाखवली. मी मध्येच त्यांना थांबवलं.

"बाबा, हे अर्धंच हाय. दुसरी बाजू सर नंतर देनार होते."

"मास्तरानं लिवून दिलंय ना? मंग आनखी काय पायजे?"

बाबांचा पेपरवर विश्वास नव्हता. मास्तरांवर होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी चाचांना शेड खाली करायला सांगितलं. चाचा म्हणाले, "भाऊ, हम तो उस दिन यहीं लूम पे थे. चाय आपने ही भेजी थी." बाबांनी मात्र शब्द काही मागे घेतला नाही.

शाळा उघडली त्या दिवशी सर हजेरी न घेताच माझ्या बाकाशी आले. संचारबंदी रोज दोन तास उठायची, तेवढ्यात ते सायकलवरून घरोघर जाऊन, दारात उभं राहून, उजवं पान उतरवून देत होते. एकोणचाळीस घरं झाली. कोनच्या रस्त्यावर मात्र पोलिसांनी त्यांना दोनदा परत फिरवलं. "तुझ्याच घरी पोचलो नाही," ते म्हणाले. मी शेडचं सांगितलं. सर माझ्या शेजारी बाकावर बसले आणि उजवं पान त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. दुसऱ्या पेपरात होतं की पहिला दगड नाक्यावरच्या त्या शेडवरच पडला. रविवारी ते घरीही आले. त्यांना लांबून येताना बघून बाबा मागच्या दाराने शेतावर निघून गेले.

त्यानंतर सरांनी दोन्ही पानं नेहमी एकाच तासात दिली. मी शाळा सोडल्यावरही रस्त्यात कुठे भेटले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "बाबा बोलतात का युसुफभाईंशी?" चाचा तोवर काल्हेरला एका गोदामावर राखणीला लागले होते. मी मान हलवून नाही म्हणायची आणि सरांचा चेहरा उतरायचा.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा सर अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेले, तर पुन्हा तोच प्रश्न. या माणसाने हे ओझं घेऊन जाऊ नये, असं मला फार वाटलं. "बोलतात, सर," मी म्हटलं.

सर हळूच म्हणाले, "हे तुझं पान झालं. बाबांना विचार. उद्या सांग."

घरी येईपर्यंत मला रडू आवरलं नाही. ट्रंकेतून वही काढली आणि ओट्यावर बसलेल्या बाबांपुढे उघडून धरली. त्यांनी ती लगेच ओळखली.

"चष्मा न्हाय," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशातच होता. मी तशीच उभी राहिले. शेवटी ते मागच्या बंद शेडकडे बघत म्हणाले, "तूच वाच."

मी उजव्या पानापासून सुरुवात केली.