अर्धा नांगर

बर दुबई भागातल्या एका गल्लीत व्हिसाचे अर्ज, भाडेकरार, लग्नाचे दाखले टाइप करून देणारी सात दुकानं एका रांगेत आहेत. त्यातल्या चौथ्या दुकानात प्रमिला बसते. बावीस वर्षं बसते. आली तेव्हा अरबीचं एक अक्षर येत नव्हतं. शेजारच्या खुर्चीतला सुदानी हम्माद जेवायला उठला की त्याच्या कीबोर्डवर बोटं ठेवून शिकली. कुणी क्लास घेतला नाही, कुणी सर्टिफिकेट दिलं नाही. आज कोर्टाचे कागद घेऊन येणारे सुटाबुटातले साहेब आधी तिला विचारतात, "मॅडम, चलेगा ना?" चालणार नसेल तर मॅडम तोंडावर सांगते. गोड बोलणं तिला जमत नाही, आणि जमवायचंही नाही.

हम्मादने तिला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली होती. कागद दोन-चार पानांचा असला की पानं पत्त्यांसारखी पसरायची आणि सगळ्यांच्या कडांवर मिळून एकच शिक्का मारायचा. प्रत्येक पानावर शिक्क्याचा तुकडा. मधलं पान कुणी काढलं की लबाडी उघडी. "आधा ठप्पा देखो, तो बाकी आधा माँगो," तो म्हणायचा. "खलास."

तर अशा बाईला तिच्या सख्ख्या भावाने सांगितलं, पमे, हक्कसोडपत्रावर सही कर.

हक्कसोडपत्र म्हणजे काय हे आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. बाप जातो, सातबाऱ्यावर पोरींची नावं लागतात, मग भाऊ साडी घेतो, जेवायला बोलावतो आणि ताटाशेजारी कागद सरकवतो. कायदा लेकीला लेकाइतकाच वाटा देतो. पण लेक सही करते, कारण तिला माहेर हवं असतं.

हा भाऊ म्हणजे सत्यजित. अबुधाबीत त्याची कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी, व्हिला, दोन गाड्या. वडिलांमागे दोघांच्या नावावर आलेली साताऱ्याकडची वडिलोपार्जित जमीन त्याला एका रिसॉर्टवाल्याला सगळीच्या सगळी विकायची होती. त्यातच विहिरीकडचा तुकडा आणि त्यावरचं दोन खोल्यांचं घर. तिथे त्यांची मनोरमाआत्या राहते. नवऱ्याने टाकली तेव्हा विशीत माघारी आली, आता ऐंशीची आहे. त्याच विहिरीच्या पाण्यावर वांगी-मिरच्या पिकवते आणि कुणापुढे हात पसरत नाही. सत्यजितने तिच्यासाठी वृद्धाश्रम बघून ठेवला होता. प्रमिलाची सही झाली की आत्या घराबाहेर, इतकी सरळ गोष्ट.

मग ही तापट बाई सरळ 'नाही' का म्हणाली नाही? कारण सत्यजितच्या बाजूने आबाजीराव उभे होते.

आबाजीराव देशमुख म्हणजे त्यांच्या घराण्याचा मूळपुरुष. शके सतराशे एकमध्ये, सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी, अंथरुणाला खिळल्यावर त्याने आपल्यामागे कुणाचं काय व्हावं ते मोडीत लिहून ठेवलं. तो कागद सत्यजितच्या हॉलमध्ये सोनेरी फ्रेममध्ये लटकतो, शेजारी त्याचं बाळबोध लिपीतलं वाचन. दर गणपतीत सत्यजित पाहुण्यांसमोर ते मोठ्याने वाचतो. थोरल्या मुलाला देशमुखीचा मान आणि नदीकडची काळी जमीन. धाकट्याला माळरान आणि मेंढरं. बायकोला हयातभर दोन वेळचं अन्न, सालाला दोन लुगडी, एक दुभती म्हैस, वर सुनांना ताकीद, की तिचा शब्द मोडू नये. अगदी म्हाताऱ्या घोड्यालाही मरेपर्यंत दाण्याची चंदी! आणि शेवटची ओळ: लेकींस चोळीबांगडीस.

बस्स. एवढंच.

प्रमिला लहानपणापासून या कागदाच्या अभिमानावर वाढली होती. गिऱ्हाइकांना ती सुनावते, "तोंडी नको, कागद दाखवा." आता कागद तिलाच दाखवला गेला होता. मूळपुरुषाचा शब्दच तसा असेल तर सही करायची, असं मनाशी ठरवून ती शनिवारी अबुधाबीच्या बसमध्ये बसली.

जेवणं झाली. सत्यजितने कागद पुढे ठेवले.

"सोमवारची कॉन्सुलेटची वेळ घेतलीय तुझ्यासाठी. दहा मिनिटांचं काम."

"आणि आत्या?"

"तिला एसी खोली मिळतेय गं! हे बघ पमे, मी काही माझ्या मनाचं करत नाही. आबाजीराव काय म्हणून गेले? लेकींना चोळीबांगडी. शिवानीने तुला पैठणी आणलीय, ब्लाउजपीससकट." तो स्वतःच्याच विनोदावर हसला.

कोपऱ्यात मोबाइलवर खेळत बसलेल्या त्याच्या मुलीने, चौदा वर्षांच्या वैभवीने, मान वर केली. "सो व्हॉट डू आय गेट, पप्पा? अ ब्लाउज?"

प्रमिलाचा राग नाकाच्या शेंड्यावर आला.

"घोड्याला मरेपर्यंत चंदी देणारा माणूस," ती म्हणाली, "पोटच्या पोरीला एका चोळीवर वाटेला लावेल?"

"जुना काळ होता."

ती उठली आणि फ्रेमपाशी गेली. मोडी तिला येत नाही. म्हणून तिने अक्षरं सोडली आणि काउंटरवर आलेला कागद बघते तसा तो कागद बघितला. वरची कड आणि बाजूच्या दोन्ही कडा कुरतडल्यासारख्या, हातकागदाच्या असतात तशा. खालची कड मात्र कात्रीने कापल्यासारखी सरळ. शेवटी मोर्तबाचा शिक्का नाही. आणि त्या सरळ कडेला, मागून झिरपलेली काळी शाई.

"दादा, फ्रेम खाली काढ."

"डोकं फिरलंय का? साडेचारशे दिरहमची फ्रेम आहे, दहा हजारांवर रुपये गेलेत!"

"मग मी काढते."

"अहो वन्सं, सोफ्यावर पाय!" शिवानीवहिनी ओरडली, तोवर फ्रेम प्रमिलाच्या हातात होती. वैभवीने न सांगता किचनमधून सुरी आणली. पाठीमागची चिकटपट्टी निघाली, पुठ्ठा निघाला, आणि अडीचशे वर्षांच्या कागदाची पाठ उजेडात आली.

लांब कागद तीन तुकडे एकाखाली एक चिकटवून केलेला होता. दोन जोड, आणि दोन्ही जोडांवर नांगराचा छाप, निम्मा वरच्या कागदावर, निम्मा खालच्या. देशमुखांची निशाणी. आणि तळाच्या कापलेल्या कडेवर तिसरा नांगर, अर्धाच. वरचं रुमणं, म्हणजे मूठ, होतं; खालचा फाळ नव्हता.

"खाली आणखी एक कागद होता," प्रमिला म्हणाली. "कुणीतरी कापला."

"वाळवी लागली असेल."

"वाळवी पट्टी धरून खाते का रे?"

"पुण्याच्या मोडी जाणकारांनी वाचलाय तो!"

"त्यांना काय पाठवलं होतंस?"

सत्यजितने चष्मा पुसला. "व्हॉट्सॲपवर फोटो."

"पुढच्या बाजूचा."

सत्यजितने मान डोलावली.

बाकी अर्धा कुठे मागायचा? प्रमिलाला एकच माणूस सुचलं. तिने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी छत आलं, मग वांग्यांची पाटी, मग आत्या.

"आत्या, आपल्या घरातला एखादा जुना कागद आहे का गं तुझ्याकडे?"

"हाय की! माझ्या आत्यानं दिल्याला. तिला तिच्या आत्यानं. खणात गुंडाळून देव्हाऱ्याखाली ठिवलाय. लेकीनं भाचीला द्यायचा म्हनं. तू बसलीस दुबईला, तुला कवा देऊ?"

"मला वाचायचा नाही. पाठ दाखव. वरची कड."

पिवळा कागद पडद्यावर हलला, थांबला. वरच्या कडेवर काळाभोर फाळ!

वैभवीने फोन फ्रेममधल्या कागदाच्या खाली धरला, मागेपुढे केला. रुमण्याला फाळ मिळाला. नांगर पुरा झाला.

"ओह माय गॉड, आत्या," प्रमिलाकडे बघत ती कुजबुजली.

आत्याच्या कागदाच्या पुढच्या बाजूचा फोटो पुण्याच्या जाणकारांना गेला. अर्ध्या तासात वाचन आलं आणि ते प्रमिलाने नाही, वैभवीने अडखळत, मोठ्याने वाचलं. कापलेल्या ओळीचा उरलेला भाग असा होता: "विहिरीसुद्धा बारा बिघे जमीन दिली असे. माघारी आली लेक उपाशी राहू नये. लेकीमागे भाची, याप्रमाणे चालवावे. भावांनी हरकत करू नये. करील त्यास कुळीची शपथ." आणि खाली अख्खं मोर्तब.

चोळीबांगडीस बारा बिघे, विहिरीसकट! घोड्याची चंदी आठवणारा बाप लेकीला विसरला नव्हता. विसरवला होता तो कात्रीवाल्या कुणा भावाने.

सत्यजितचं तोंड लाल झालं. "मला खरंच माहीत नव्हतं, पमे."

"कारण तू पाठ बघितलीच नाहीस. कायद्याने मी केव्हाही नाही म्हणू शकत होते, दादा. मध्ये आबाजीरावांना तू आणलंस. आता ऐक त्यांचं."

त्याने वाकून त्या अर्ध्या नांगरावर बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "आत्यामागे तू. तुझ्यामागे?"

"तुझी वैभवी. तीच माझी भाची नाही का?"

हक्कसोडपत्र त्याने स्वतःच्या हाताने फाडलं.

कॉन्सुलेटची वेळ मात्र प्रमिलाने सोडली नाही. सोमवारी सकाळी दुकान उघडताच तिने कॉन्सुलेटला न्यायचा तीन पानांचा नवा कागद टाइप केला. बारा बिघे आणि विहीर विक्रीतून बाहेर. आत्या हयात असेतो तिची, मग प्रमिलाची, मग वैभवीची. उरलेल्या जमिनीचं काय करायचं ते भाऊ-बहीण बरोबरीने ठरवतील. सत्यजित समोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नंबर घेऊन बसला होता, इतर गिऱ्हाइकांसारखा. हम्मादने पानं पत्त्यांसारखी पसरली आणि शिक्का प्रमिलाच्या हातात दिला.

"यल्ला, चलो मॅडम."

तिने असा शिक्का हाणला की टेबलावरचे चहाचे कप नाचले.

फोन वाजला. आत्या होती. "झालं का गं?"

"झालं, आत्या. विहीर तुझीच."

"ती व्हतीच माझी. त्या सत्याला म्हनावं, मोटर जळलीय. नवी धाड."

प्रमिलाने स्पीकर लावून फोन भावापुढे धरला.

"धाडतो, आत्या," सत्यजित म्हणाला, आणि सही करायला उठला.