सुनंदाला सांगितलं ते

हे मी माझ्या मुलीलाही सांगितलेलं नाही. सांगायला गेले की दुसरंच काहीतरी बोलून मोकळी होते — आज तरी तसं नको.

आम्ही अकोल्याचे, जठारपेठेतले. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. ह्यांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला आणि अमरावतीला दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथल्या बाकावर मोर्शीची सुनंदा भेटली. तिचा नवरा प्रकाश शिलाईकाम करायचा. त्यालाही हाच आजार.

दोघांच्या गाठींचे रिपोर्ट एकाच दिवशी आले. प्रकाशच्या पेशींत एक बिघाड सापडला — पेशीला 'वाढत राहा' असा निरोप सतत देणारा. तो निरोप अडवणारी गोळी निघाली आहे. घरीच घ्यायची, रोज एक. ह्यांच्या पेशींत तो बिघाड नव्हता. म्हणजे गोळी नाही. ह्यांच्या वाट्याला सलाईन, उलट्या, गळणारे केस.

दुसऱ्याच्या आजाराचा हेवा वाटतो का कुणाला? मला वाटला. वर्गात मी ज्याला बिघाड म्हणायचे, तो ह्यांना का नाही — असं मनात घोकत बसले होते मी.

सुनंदा म्हणाली, "ताई, तुमी आत चाला माह्यासंगं. डॉक्टर काय सांगते ते मले समजत नाही." गेले. डॉक्टरांनी बजावलं — तोंडावर, छातीवर पुरळ येईल, घाबरू नका, गोळी मनाने थांबवू नका, मला फोन करा. तिला अर्धंमुर्धं कळलं. बाहेर आल्यावर मीच म्हणाले, काही लागलं तर मला विचार.

तीन आठवड्यांत प्रकाशचा खोकला थांबला. तो मशीनवर बसायला लागला. हे मात्र मोरीपर्यंत जाताना भिंत धरायचे.

एका दुपारी ह्यांची उलटी पुसत होते, तेव्हा तिचा फोन आला. "ताई, ह्यायचं तोंड पुरळानं भरलं. लय आग होऊन राहिली. गोळी देऊ का नको?"

उत्तर मला पाठ होतं.

"बंद करून बघ थोडे दिवस," मी म्हणाले. "मानवत नसेल."

"डॉक्टरले इचारू का?"

"मी विचारते."

विचारलं नाही. आणि फोन ठेवल्यावर — बरं वाटलं मला. खरंच बरं वाटलं. त्यानंतर दोनदा तिचा फोन आला. दोन्ही वेळा म्हणाले, डॉक्टर म्हणतात, गोळी बंदच ठेव.

महिन्याभरानंतर प्रकाशला श्वास पुरेना. गोळी पुन्हा सुरू केली, पण चार महिन्यांत तो गेला. थांबवली नसती तर किती जगला असता? कुणालाच सांगता येणार नाही. या उत्तराचा आधार मी पुष्कळ दिवस घेतला.

गोळी पुन्हा सुरू करताना, ती कुणी बंद केली म्हणून डॉक्टर सुनंदावर ओरडले, तेव्हा मी शेजारीच उभी होते. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांना म्हणाली, "मीच केली."

त्या वर्षाच्या शेवटी हेही गेले. सुनंदा मोर्शीहून आली, चार दिवस राहिली, माझ्या घरी स्वयंपाक केला. एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ताई, तुमी भल्यासाठीच सांगतलं होतं. मीच डॉक्टरले इचारायला पायजे होतं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"असू दे," मी म्हणाले. "तुला काय कळणार होतं."